बॅटल अ‍ॅथलीट्स पहिल्यांदा बघताना: सुरुवात कुठून करायची आणि कुठे थांबायचं नाही

माझी भाची आठवीत आहे. तालुक्याच्या स्पर्धेत आठशे मीटर पळते. गेल्या सुट्टीत ती म्हणाली, "मावशी, खेळाचं अ‍ॅनिमे सांग ना. पण त्यात मुली खेळल्या पाहिजेत, मुलांना पाण्याच्या बाटल्या नेऊन देणाऱ्या नकोत." अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन. मी क्षणाचाही विचार न करता 'बॅटल अ‍ॅथलीट्स' या मालिकेचं नाव घेतलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. मालिका सोडून दिली होती. "काय कळतच नाही. आणि ती अकारी सारखी रडते."

चूक माझी होती. मी तिला चुकीच्या दारातून आत पाठवलं होतं. मग आम्ही दोघींनी ती पहिल्यापासून, नीट क्रमाने बघितली. पुढे लिहिलंय ते त्या अनुभवातून. ज्यांनी ही मालिका कधीच पाहिलेली नाही, किंबहुना अ‍ॅनिमेशीच ज्यांची फारशी ओळख नाही, त्यांच्यासाठी.

आधी गोष्ट थोडक्यात. पन्नासावं शतक संपत आलंय, सन ५००० तोंडावर आहे. माणसं पृथ्वीबाहेरही राहायला गेली आहेत. या जगातला सर्वांत मोठा मान कुठल्या राजाला किंवा सेनापतीला नाही, तर एका तरुण खेळाडू मुलीला मिळतो. त्या किताबाचं नाव 'कॉस्मो ब्यूटी'. जपानीत ज्या अक्षरांत तो लिहितात त्यांचा अर्थ होतो 'अंतराळातली नादेशिको'. नादेशिको हे नाजूक दिसणारं गुलाबी फूल, आणि जपानी मनात ते आदर्श स्त्रीचं प्रतीक. जपानच्या महिला फुटबॉल संघाला २००४ मध्ये हेच नाव मिळालं, आणि २०११ मध्ये त्या 'नादेशिको जपान'ने विश्वचषक जिंकला. नाजूक फुलाचं नाव घामेजलेल्या, गुडघे फुटलेल्या मुलींना देण्यात एक गंमत आहे, आणि मालिकेचा सगळा जीव त्यातच आहे.

नायिका आहे अकारी कान्झाकी. 'अकारी' म्हणजे उजेड. तिची आई तोमोए मिदो ही दंतकथा झालेली कॉस्मो ब्यूटी. आई आता हयात नाही. लेकीला आईसारखं व्हायचंय, पण पायांत आणि मनात तेवढं बळ आहे असं कुणालाच वाटत नाही, तिला स्वतःला तर नाहीच.

पायरी १: योग्य मालिका निवडा

सगळा घोळ इथेच होतो. 'बॅटल अ‍ॅथलीट्स' या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली १९९७ मध्ये सुरू झालेली सहा भागांची ओव्हीए. ओव्हीए म्हणजे टीव्हीवर न दाखवता थेट व्हिडिओ कॅसेट आणि लेझरडिस्कवर विकायला काढलेली मालिका. त्या काळी जपानमध्ये हा मोठा धंदा होता. दुसरी टीव्ही मालिका: २६ भाग, ऑक्टोबर १९९७ पासून १९९८ च्या वसंतापर्यंत टीव्ही टोकियोवर चाललेली. इंग्रजीत ती 'बॅटल अ‍ॅथलीट्स व्हिक्टरी' या नावाने ओळखली जाते. तिसरी २०२१ ची 'रीस्टार्ट', १२ भागांची, नव्या मुलींची गोष्ट.

ओव्हीए आणि टीव्ही मालिका दोन्ही एआयसी स्टुडिओच्या. नायिका तीच, बऱ्याच मैत्रिणीही त्याच. पण एक दुसरीचा पुढचा भाग नाही. एकच कथा दोनदा, दोन निराळ्या वाटांनी सांगितली आहे. मी भाचीला ओव्हीए दिली होती, कारण ती लहान आहे, तीनेक तासांत संपते. पण तिथे अकारी आपल्याला थेट 'विद्यापीठ उपग्रहा'वर भेटते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या त्या क्रीडा विद्यापीठात पोचायला तिने काय काय सोसलं ते आपण पाहिलेलंच नसतं. मग तिच्या रडण्याचं मोल कसं कळणार?

म्हणून टीव्ही मालिकेपासून सुरुवात करा. एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा, म्हणजे सगळं मिळून दहा-साडेदहा तास. शोधताना 'व्हिक्टरी' हा शब्द आणि '२६ भाग' या दोन खुणा बघा. रोमन लिपीत 'अ‍ॅथलीट्स'च्या शेवटी कुणी एक 'एस' लिहितं कुणी दोन, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नका. चित्र जुन्या टीव्हीसारखं चौकोनी दिसलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, तर ते बरोबर आहे. ताणून पडदाभर करू नका. सगळ्या मुली जाड दिसतात आणि धावण्याची लय बिघडते.

पायरी २: नावातला 'क्रीडादिन' लक्षात घ्या

मूळ जपानी नावात 'दाइउंदोकाई' असा शब्द आहे. उंदोकाई म्हणजे शाळेचा क्रीडादिन, आणि दाइउंदोकाई म्हणजे महाक्रीडादिन. ऑलिम्पिक असा शब्द निर्मात्यांना सहज वापरता आला असता. त्यांनी शाळेच्या मैदानावरचा शब्द निवडला. मला वाटतं, ही एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर मालिका निम्मी समजली.

जपानमध्ये उंदोकाईची सुरुवात १८७४ मध्ये टोकियोतल्या त्सुकिजी इथल्या नौदलाच्या शाळेत झाली, ब्रिटिश शिक्षकांच्या पुढाकाराने. नंतर ती गावोगावच्या शाळांत पोचली आणि घरचा सण झाली. मुलं लाल आणि पांढऱ्या अशा दोन गटांत विभागली जातात, कपाळाला पट्टी बांधतात. आईवडील, आजीआजोबा चटया टाकून बसतात, डबे उघडले जातात. उंच टांगलेल्या टोपलीत छोटे चेंडू टाकायचे, दोर ओढायचा, दोघांनी एकेक पाय बांधून पळायचं, आणि शेवटी रिले.

आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही. फक्कीने आखलेल्या रेषा, लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत, तीन पायांची शर्यत, रस्सीखेच, आणि माइकवरून नावं पुकारणारे पीटीचे सर. ज्याने हे पाहिलंय त्याला अकारीचं जग आतून कळतं. फरक इतकाच, की इथे फक्कीची रेषा अंतराळात आखलेली आहे. म्हणून मधेच एखादी स्पर्धा अगदी पोरकट वाटली तर मालिका गंभीर नाही असं समजू नका. शाळेच्या मैदानावर तीन पायांच्या शर्यतीत हरलेलं पोर किती मनापासून रडतं, हे आठवा.

पायरी ३: चार-पाच मुलींची ओळख करून घ्या, जास्त नाही

पात्रं बरीच आहेत आणि नावं जीभ वळवणारी. सगळी लक्षात ठेवायची गरज नाही. सुरुवातीला अकारी आणि इचिनो यानागिदा एवढ्या दोघी पुरे.

इचिनो ओसाकाची. अकारीची जिवाभावाची मैत्रीण, तोंडाने फटकळ, मनाने भाबडी. ती ओसाकाकडची बोली बोलते आणि इंग्रजी उपशीर्षकांत ते पूर्ण हरवतं. म्हणून कान उघडे ठेवा. टोकियोकडचा माणूस 'खरंच?' या अर्थी 'होन्तो' म्हणेल, ही 'होन्मा' म्हणते. 'हे काही खरं नाही, चालायचं नाही' यासाठी तिचा शब्द 'आकान'. पुस्तकी मराठी बोलणाऱ्या वर्गात नागपूरची किंवा कोल्हापूरची एखादी मुलगी आपल्याच बोलीत बिनधास्त बोलायला लागली की हवा कशी बदलते, तसं तिचं आहे. मूळ जपानी आवाजात बघा असा माझा आग्रह आहे, तो मुख्यतः इचिनोसाठी.

पुढे येतात त्यांत जेसी गर्टलँड अमेरिकेची, कडक, स्वतःलाही माफ न करणारी. क्रिस क्रिस्टोफर चंद्रावरून आलेली, श्रद्धाळू, शांत, आणि कुणाची भीडभाड न ठेवता मनातलं सांगून मोकळी होणारी. टान्या आफ्रिकेची, भूक आणि ऊर्जा दोन्ही अफाट. अ‍ॅना रेस्पिघी लाजरी, हळव्या आवाजाची. आणि लारी फेल्डनांट, जिच्याकडे बघून बाकीच्यांना आपण किती मागे आहोत ते कळतं.

एक कळकळीची सूचना: पात्रांची माहिती देणारी पानं आधी वाचू नका. विशेषतः ओव्हीएमधल्या अ‍ॅनाबद्दल काहीही नाही. तिची गोष्ट तिच्याकडूनच कळायला हवी.

पायरी ४: पहिला टप्पा संपेपर्यंत सोडू नका

मालिकेचा पहिला टप्पा अंटार्क्टिकावरच्या प्रशिक्षण शाळेत घडतो. इथून मोजक्याच मुली विद्यापीठ उपग्रहावर जाणार, बाकीच्या घरी. जवळच्या मैत्रिणीच एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. हे पहिले भाग विनोदी अंगाने जातात, आरडाओरडा बराच आहे, आणि अकारी हरते, पळून जाते, रडते. माझी भाची इथे पुन्हा वैतागली.

आता एक दृश्य जरा जवळून बघू. अकारीला सहन होईनासं झालं की ती एका पुठ्ठ्याच्या खोक्यात जाऊन बसते. अंग चोरून, जगाकडे पाठ करून. पहिल्यांदा हसू येतं: एवढी मोठी मुलगी, खोक्यात? मालिकाही ते हसण्यासारखंच दाखवते. तेच खोकं पुन्हा पुन्हा येतं. मग आपण खोक्याकडे बघायचं सोडून खोक्याबाहेरच्या माणसांकडे बघायला लागतो. कोण तिथे थांबतं, कोण निघून जातं, कोण ओरडतं, कोण काही न बोलता शेजारी बसतं. अकारी कशी बदलते हे धावण्याच्या वेळेवरून मोजू नका. ती त्या खोक्यातून बाहेर कशी येते यावरून मोजा.

भाचीला मी एवढंच सांगितलं, "प्रत्येक वेळी खोकं आलं की बघ, तिला बाहेर कोण काढतंय." तीन-चार भागांनी ती स्वतःच म्हणाली, "मावशी, आधी दुसरी कुणीतरी काढायची गं." पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही, पण त्या रात्री आम्ही ठरवल्यापेक्षा दोन भाग जास्त पाहिले.

अंटार्क्टिकाच्या टप्प्याचा शेवट काय होतो ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की ते भाग एका बैठकीत बघा, मधे जेवायला उठू नका. अकारी आणि इचिनो यांच्या मैत्रीचं तिथे जे होतं ते मी इतक्या वर्षांनीही कोरड्या डोळ्यांनी बघू शकत नाही.

पायरी ५: रडण्यामागची परंपरा जाणून घ्या

हे एवढं रडणं, पडणं, पुन्हा उठणं कुठून आलं? जपानीत त्याला एक शब्द आहे: 'स्पोकोन'. स्पोर्ट्स आणि 'कोंजो' म्हणजे जिद्द, यांची सांगड.

त्याचं मूळ शोधायला १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जायला हवं. महिलांचं व्हॉलीबॉल त्या वर्षी पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं. जपानच्या संघातल्या बहुतेक मुली निचिबो या सूतगिरणी कंपनीच्या काईझुका इथल्या. दिवसा काम, मग रात्री उशिरापर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांची शिस्त इतकी कठोर की आजही तिच्यावर वाद होतात. चेंडूसाठी जमिनीवर झेप घ्यायची, चेंडू उचलायचा आणि लोळण घेऊन पुन्हा पायांवर उभं राहायचं, हे त्यांचं खास तंत्र. २३ ऑक्टोबर १९६४ ला त्यांनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक जिंकलं. त्या लाटेवर पुढे १९६९ मध्ये 'अटॅक नंबर वन' ही मुलींच्या व्हॉलीबॉलची अ‍ॅनिमे मालिका आली, १९७३ मध्ये टेनिसवरची 'एस ओ नेराए!'. लोळण घेऊन पुन्हा उभी राहणारी मुलगी जपानी पडद्यावर कायमची आली.

मग १९८८ च्या 'गनबस्टर' या अ‍ॅनिमेने ती जिद्द, तो कडक प्रशिक्षक आणि ते रडणं अंतराळात नेलं. पण तिथे मुली खेळत नाहीत, लढतात. 'बॅटल अ‍ॅथलीट्स'ने अंतराळ ठेवलं आणि युद्धाच्या जागी पुन्हा खेळ आणला. या जगात खेळाला एवढं महत्त्व का, ही स्पर्धा मुळात कशासाठी सुरू झाली, याचं उत्तर मालिकेच्या शेवटच्या टप्प्यात आहे आणि ते ऐकल्यावर पहिल्या भागातल्या साध्या शर्यतीही वेगळ्या दिसतात.

शास्त्राच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक-षष्ठांश. तिथे वाढलेल्या मुलीला पृथ्वीवर धावताना काय वाटेल, हाडं-स्नायू काय म्हणतील, असे प्रश्न मला पडतात. मालिका त्यांच्यात फार शिरत नाही. विज्ञानकथा इथे मैदान मोठं करण्यापुरती आहे.

पायरी ६: शर्यत कशी बघायची

हे हातांनी रंगवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवरचं, म्हणजे सेलवरचं अ‍ॅनिमेशन. दर आठवड्याला एक भाग काढायचा म्हणजे प्रत्येक पाऊल चितारणं शक्य नव्हतं. म्हणून काही धावण्याची दृश्यं पुन्हा येतात, काही ठिकाणी चित्र थांबतं आणि कॅमेराच सरकतो. आजच्या चकचकीत मालिका पाहिलेल्या पोरांना हे आधी खटकतं.

पण थांबलेल्या चित्राकडे नीट बघा. शंभर मीटरची शर्यत खऱ्या आयुष्यात दहा-बारा सेकंदांत संपते. इथे तेवढ्या वेळात मुलीला आई आठवते, मैत्रिणीचा श्वास ऐकू येतो, हरण्याची भीती वाटते. जी कधी धावलीय तिला माहीत असतं, की शेवटच्या वीस मीटरमध्ये वेळ असाच लांबतो. भाची म्हणाली, "हे खरं दाखवलंय." तिच्या आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर असंच होतं म्हणे.

सुरुवातीचा इशाराही ऐका: "इचि नि त्सुइते, योई, दोन!" आपलं 'रेडी, स्टेडी, गो'. जपानचं प्रत्येक शाळकरी पोर हे ऐकतच पळायला शिकतं. आणि प्रेक्षकांतून येणारा 'गांबारे' कानात पकडा. त्याला एकाच शब्दात मराठी करता येत नाही. 'जोर लाव', 'सोडू नको', 'तुझ्याने होईल', तिन्ही एकदम.

पायरी ७: जे खटकेल त्याची तयारी ठेवा

मुलांसोबत बघणार असाल तर हे आधी वाचा. मालिका नव्वदच्या दशकातली आहे. मुलींच्या अंगावरून फिरणारा कॅमेरा, अंघोळीची दृश्यं, तशा अंगाचे विनोद मधूनमधून येतात. माझ्या मते बारा-तेराच्या खालच्या मुलांना एकट्याने बघायला देऊ नये.

त्याहून मला टोचतं ते देशोदेशीच्या मुलींचं चित्रण. पन्नासाव्या शतकातही प्रत्येकीवर तिच्या देशाचा शिक्का आहे, आणि टान्याच्या बाबतीत तर तो फारच वाईट. आफ्रिकेची मुलगी म्हणून तिला जनावरासारखं हातापायांवर धावताना दाखवलंय. पुढे ती मालिकेतली सर्वांत प्रेमळ मुलगी होते, हे खरं. पण त्याने ते चित्र पुसलं जात नाही. भाचीने विचारलं, "असं का काढलंय तिला?" आम्ही भाग थांबवला आणि अर्धा तास त्यावरच बोललो. असं थांबावं. प्रेमाने बघायच्या गोष्टीतलंही चूक ते चूक म्हणता आलं पाहिजे.

पायरी ८: मालिका संपल्यावर

आठवडाभर जाऊ द्या. मग ओव्हीए बघा. आता तुम्हाला या मुली माहीत आहेत, म्हणून त्यांचं दुसरं रूप बघताना मजा येते. सहा भागांना सवड आणि खर्च जास्त मिळाल्याने रेखाटन जास्त रेखीव आहे, सूरही जरा गंभीर आहे.

'रीस्टार्ट' सगळ्यांत शेवटी. नायिका कानाता आकेहोशी, काळ अकारीच्या नंतरचा. मला ती मूळ मालिकेइतकी भिडली नाही. बारा भागांत इतकं सगळं कोंबलंय की कुणाला खोक्यात बसायलाही वेळ मिळत नाही. तरी अकारीचं जग पुढे कुठे गेलं ही उत्सुकता असेल तर जरूर बघा.

उपलब्धतेचं म्हणाल तर देशागणिक फरक पडतो, म्हणून अधिकृत डिस्क किंवा अधिकृत स्ट्रीमिंग कुठे आहे ते सुरू करण्याआधी तपासा. मराठीत उपशीर्षकं नाहीत, इंग्रजी वाचावी लागतात. लहान भावंडं सोबत असतील तर एकाने मोठ्याने मराठीत सांगत जावं. आमच्याकडे ते काम भाचीने घेतलं, धाकट्या भावासाठी. इचिनोची वाक्यं ती आपल्या आजीच्या बोलीत सांगायची, ठसक्यात, आणि तो पोरगा आता शर्यत लावताना "होन्मा?" असं विचारतो.